कोणते किरण, हा दुसरा प्रश्न

कॅन्सरच्या रुग्णाला लाइट द्यावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांची पहिली चौकशी यंत्राची असते. तिथे कोबाल्ट आहे की लिनॅक? आयएमआरटी मिळेल का? मग ओळखीतले कुणीतरी प्रोटॉनचे नाव काढते आणि पैसे कमी पडले म्हणून आपला माणूस हलक्या प्रतीच्या उपचारात अडकला, ही खंत घरात मुक्कामालाच येते. रुग्णालयांच्या जाहिराती या खंतीला खतपाणी घालतात. त्यांत यंत्राचे मॉडेल ठळक अक्षरांत असते. उपचार किती दिवसांत पुरे होतात, याचा उल्लेख सापडत नाही. सरकारी घोषणाही यंत्रांच्याच असतात, कारण यंत्राची फीत कापता येते. माझे म्हणणे असे, की रेडिएशनच्या निरनिराळ्या तंत्रांचा शरीरावर होणारा परिणाम खरोखर ताडून पाहिला, तर किरणांच्या जातीला आपण देतो तेवढे वजन पुरावा देत नाही. एकूण मात्रा किती सिटिंगमध्ये वाटली, किती दिवसांत संपवली आणि ती नेमकी कुठे पडली, या तीन गोष्टी बहुतेक रुग्णांच्या बाबतीत अधिक भारी ठरतात. सार्वजनिक पैसा कुठे घालायचा हे ठरवताना मात्र आपण हा क्रम उलटा धरतो.

पेशीत काय घडते तिथून सुरुवात करावी लागेल. क्ष-किरण किंवा गॅमा किरण शरीरातून जाताना मुख्यतः पेशीतल्या पाण्याच्या रेणूंवर आदळतात. त्यातून अतिशय आक्रमक मूलके तयार होतात आणि ती डीएनएवर तुटून पडतात. एक ग्रे (ग्रे हे मात्रेचे एकक) मात्रेने एका पेशीत डीएनएचा एकच धागा तुटण्याच्या हजारेक घटना घडतात आणि पेशी त्या सहज सांधते. दोन्ही धागे एकाच जागी तुटण्याच्या घटना चाळीसेक असतात. त्यांतल्या ज्या मोजक्या सांधल्या जात नाहीत किंवा भलत्याच टोकांना जोडल्या जातात, त्या पेशीच्या जिवावर बेतात. आसपास ऑक्सिजन असेल तर इजा पक्की होते. ऑक्सिजन नसेल तर तेवढ्याच परिणामाला जवळजवळ तिप्पट मात्रा लागते. ज्यांच्या नावाने आज मात्रा मोजली जाते त्या लुई हॅरॉल्ड ग्रे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये याच मुद्द्याकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले होते. रक्तपुरवठा तुटलेल्या, गाठीच्या आतल्या पेशी क्ष-किरणांना पुरून उरतात त्या यामुळे. आता या सगळ्यात कोबाल्टचा गॅमा किरण आणि लिनॅकचा क्ष-किरण यांच्यात फरक किती? जवळजवळ नाही. पेशीपुरते बोलायचे तर दोन्हींचा एक ग्रे हा एकच ग्रे आहे. कोबाल्टचा झोत कमी खोल जातो, त्याची कड पुसट असते आणि त्याचा स्रोत 5.27 वर्षांत निम्म्यावर येत असल्याने तेवढ्याच मात्रेला दिवसेंदिवस जास्त वेळ लागतो. हे तोटे खरे आहेत, पण ते झोताचे आहेत. थ्री-डी, आयएमआरटी, इमेज गाइडेड, स्टिरिओटॅक्टिक ही सगळी नावे तर एकाच क्ष-किरणाला आकार देण्याच्या निरनिराळ्या रीतींची आहेत. त्यांच्या परिणामांत जो फरक पडतो तो किरण वेगळे असल्याने पडत नाही; मात्रा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या प्रमाणात पडते म्हणून पडतो.

हा फरक क्षुल्लक आहे असे मात्र कुणी समजू नये. टाटा मेमोरियल सेंटरने केलेली पार्सर नावाची चाचणी याचा चांगला दाखला आहे. गर्भाशय काढल्यानंतर रेडिएशनची गरज असलेल्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या 300 स्त्रियांना चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत विभागले गेले. एका गटाला जुने थ्री-डी तंत्र मिळाले, दुसऱ्याला इमेज गाइडेड आयएमआरटी. तीन वर्षांनी मध्यम किंवा त्याहून गंभीर स्वरूपाचा आतड्यांचा त्रास पहिल्या गटात 42 टक्के स्त्रियांना होता, दुसऱ्यात 21 टक्के. कॅन्सर आटोक्यात राहण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच. म्हणजे गाठ काढलेल्या जागेवर पडणारी मात्रा तीच, तिचा परिणामही तोच. आतड्यावर पडणारी मात्रा घटली आणि त्रास निम्म्यावर आला. जुलाब, रक्तस्राव, आतडे आकसणे हे भोग पुढची वीस वर्षे सोसायचे की नाही, हा प्रश्न त्या बाईसाठी लहान नसतो. तंत्रज्ञानावर खर्च का करावा याचे यापेक्षा नेमके उत्तर मला माहीत नाही. आणि ते उत्तर जाहिरातीतून आलेले नाही, परळ-खारघरच्या रुग्णांवर केलेल्या शिस्तशीर तुलनेतून आलेले आहे, हे विशेष. आयएमआरटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनेक दिशांनी झोत सोडल्यामुळे जास्त मात्रेचा भाग आटोपशीर होतो, पण थोडी थोडी मात्रा शरीराच्या मोठ्या भागाला लागते. साठीतल्या माणसाला त्याची फारशी चिंता नाही. सहा वर्षांच्या मुलाला पुढे साठ-सत्तर वर्षे जगायचे असते आणि रेडिएशनमुळे दुसरा कॅन्सर होण्यासाठी तेवढा काळ भरपूर होतो.

प्रोटॉनची खरी जागा इथे आहे. क्ष-किरण शरीराच्या एका बाजूने शिरतात आणि वाटेत सगळ्यांना थोडेथोडे वाटत दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. प्रोटॉन हा वजनदार, विद्युतभारित कण. त्याचा वेग मंदावत जातो, थांबण्याच्या बेतात असताना तो आपली बहुतेक ऊर्जा एकदम टाकतो आणि पुढे जात नाही. रॉबर्ट विल्सन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 1946 मध्येच याचा उपचारासाठी उपयोग सुचवला होता आणि 1954 मध्ये बर्कलीत पहिल्या रुग्णावर तो झाला. भारतात चेन्नईच्या अपोलो केंद्रात 2019 मध्ये, तर सार्वजनिक क्षेत्रात खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये 2023 मध्ये प्रोटॉनचे उपचार सुरू झाले. मेड्युलोब्लास्टोमा हा मेंदूचा कॅन्सर झालेल्या मुलाच्या संपूर्ण मेंदूला आणि मणक्याला रेडिएशन द्यावे लागते. प्रोटॉन मणक्यापाशी थांबतो आणि समोरचे हृदय, फुफ्फुस, थायरॉइड, आतडी जवळपास कोरडी राहतात. इथे कुणी चिठ्ठ्या टाकून चाचणी करा असे म्हणत नाही आणि म्हणूही नये. कवटीच्या तळाशी होणारे कॉर्डोमा, डोळ्यातला मेलानोमा, एकदा रेडिएशन झालेल्या जागी पुन्हा द्यायची वेळ, अशा आणखी काही ठिकाणीही प्रोटॉनचे म्हणणे भक्कम आहे.

पण जाहिरातीतला प्रोटॉन या यादीवर थांबत नाही. तो प्रोस्टेट, फुफ्फुस, स्तन, घसा सगळीकडे फिरतो आणि तिथे पुराव्याची चाल अडखळते. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये प्रोटॉन आणि आयएमआरटी यांची तुलना 149 रुग्णांवर झाली. 2018 साली निष्कर्ष आला, तो फुफ्फुसाची सूज किंवा गाठ उलटणे यांत फरक नाही असा. प्रोस्टेटच्या 450 रुग्णांवरची अमेरिकेतली पार्टिकॉल चाचणी 2024 मध्ये मांडली गेली. दोन वर्षांनी आतड्याच्या कार्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये मात्र प्रोटॉनच्या गटात एकूण दुष्परिणामांचा बोजा बराच कमी भरला, जरी कॅन्सर आटोक्यात राहण्याचा काळ सारखाच होता. घशाच्या कॅन्सरवर अमेरिकेत झालेल्या 440 रुग्णांच्या चाचणीत प्रोटॉनवाल्यांना पोटात नळी घालून अन्न देण्याची गरज कमी पडली. एकंदर हिशेब असा: काही ठिकाणी त्रास कमी, काही ठिकाणी काहीच फरक नाही. कागदावरच्या डोसच्या नकाशात प्रोटॉन जवळजवळ सगळीकडे जिंकतो, मग रुग्णात का नाही? एक कारण असे, की प्रोटॉन नेमका कुठे थांबेल याच्या हिशेबात खोलीच्या साधारण तीन टक्के चूक धरावी लागते. ती भरून काढायला गाठीभोवती थोडे जास्त क्षेत्र भाजावे लागते. फुफ्फुस श्वासागणिक हलते, आतड्यातला वायू जागा बदलतो. दुसरे कारण जैविक आहे आणि ते फार कमी बोलले जाते. प्रोटॉनचा परिणाम क्ष-किरणांच्या 1.1 पट धरून जगभर डोस लिहिला जातो. हा आकडा जुन्या प्रयोगांची सरासरी आहे. थांबण्याच्या टोकाशी प्रोटॉन डीएनएची अधिक दाट मोडतोड करतो आणि तिथे हा गुणक प्रत्यक्षात वाढतो. ते टोक जर मेंदूच्या देठात किंवा दृष्टीच्या मज्जातंतूत पडत असेल, तर नकाशावर सुरक्षित दिसणारी मात्रा तिथे तेवढी सुरक्षित नसते. म्हणून अनुभवी केंद्रे झोताची दिशा निवडताना याची काळजी घेतात. 1.1 हा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती प्रोटॉनच्या चाहत्यांना फारशी रुचत नाही: गाठीच्या पेशीसाठी प्रोटॉन हा जवळपास क्ष-किरणच आहे.

खरोखर वेगळ्या जातीचा किरण हवा असेल तर कार्बनकडे जावे लागते. कार्बनचे अणुकेंद्र डीएनएची दाट, गुंतागुंतीची मोडतोड करते; ती सांधणे पेशीला जमत नाही आणि ऑक्सिजन आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही. गुणक दोन-तीनच्या घरात जातो. जपानमध्ये चिबा येथे 1994 पासून कार्बनचे उपचार होत आहेत आणि तिथल्या सार्वजनिक विम्याने 2016 मध्ये हाडांच्या व मऊ उतींच्या, पुढे 2018 मध्ये प्रोस्टेट व डोक्या-मानेच्या काही गाठींसाठी ते मान्य केले. हायडेलबर्गमध्ये 2009 पासून केंद्र चालते. जीवशास्त्राच्या दृष्टीने ही सगळ्यात रंजक गोष्ट आहे, पण इतक्या वर्षांनंतरही क्ष-किरणांशी थेट तुलनेचा पुरावा तुटपुंजा आहे. सेकंदाच्या अंशात सगळी मात्रा देणाऱ्या फ्लॅश तंत्राबद्दल सध्या उत्साह आहे. प्राण्यांत निरोगी उती वाचतात आणि गाठ मरते असे 2014 पासून दिसते आहे. का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. माणसांवर ते बाल्यावस्थेत आहे आणि आपल्या धोरणाच्या चर्चेत त्याला आज जागा देण्याचे कारण नाही.

आता त्या गोष्टीकडे वळू जिचे मॉडेल नसते, ब्रँड नसतो आणि जिचे उद्घाटन होत नाही: वेळ. पॅरिसमध्ये क्लॉड रेगो यांनी गेल्या शतकाच्या विशीत मेंढ्यांवर प्रयोग करून दाखवले, की एकाच मोठ्या मात्रेने वृषण निर्बीज करायला गेले तर वरची कातडी जळते. तेच काम अनेक दिवसांत वाटून केले तर कातडी वाचते. सगळे आधुनिक रेडिएशन या एका निरीक्षणावर उभे आहे. दोन सिटिंगच्या मधल्या काळात निरोगी पेशी आपली मोडतोड सांधून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकेसे जमत नाही. मधल्या काळात आकसलेल्या गाठीच्या आत ऑक्सिजन पोचतो आणि चिवट पेशी मऊ पडतात. पण याच काळात उरलेल्या कॅन्सरच्या पेशी वाढतातही. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार सुरू झाल्यापासून चारेक आठवड्यांनी ही वाढ वेग पकडते आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी साधारण 0.6 ग्रे मात्रा नुसती तिची बरोबरी करण्यात खर्च होते. उपचार लांबला की रोज एक-दीड टक्क्याने गाठ आटोक्यात येण्याची शक्यता घसरते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्येही आठ आठवड्यांपुढे प्रत्येक दिवस सुमारे एक टक्का हिरावून नेतो. यंत्र आठवडाभर बंद, मधे दिवाळी, गावाकडे कापणी, मुंबईतल्या राहण्याचे पैसे संपले: कारण कोणतेही असो, गाठीला ते ठाऊक नसते.

उलट दिशेने काय होते तेही पाहा. डेन्मार्कमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या सुमारे दीड हजार रुग्णांना आठवड्याला पाचऐवजी सहा सिटिंग दिली. मात्रा तेवढीच, यंत्रे तीच. फक्त उपचार एक आठवडा आधी संपला. पाच वर्षांनी गाठ आटोक्यात असलेले रुग्ण 60 वरून 70 टक्क्यांवर गेले. श्रीमंत देशातले हे निष्कर्ष गरीब देशांत टिकतील का, म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा ठिकाणच्या नऊ केंद्रांत 908 रुग्णांवर हीच तुलना केली. 2010 मध्ये उत्तर आले: 30 टक्क्यांवरून 42. आठवड्याचे एक जादा सिटिंग दिल्याने शंभरांत बारा अधिक रुग्णांची गाठ आटोक्यात राहिली. आतापर्यंत सांगितलेल्या प्रोटॉनच्या कोणत्याही चाचणीत गाठ आटोक्यात आणण्याच्या बाबतीत एवढा फरक दिसलेला नाही. तोंडाचा कॅन्सर हा आपल्या पुरुषांमधला सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याचे मोल कळते. रसायनाने जीवशास्त्र बदलण्याचेही असेच. गर्भाशयमुखाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या 850 स्त्रियांवर टाटा मेमोरियलने केलेल्या चाचणीत रेडिएशनसोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन दिल्याने पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण 46 वरून 54 टक्के झाले. सिस्प्लॅटिन हे जुने आणि स्वस्त औषध आहे. ज्यांना ते सोसत नाही अशा डोक्या-मानेच्या रुग्णांना डोसेटॅक्सेल दिल्याने दोन वर्षांचे जगणे सुमारे 42 वरून 51 टक्क्यांवर गेल्याचे याच संस्थेने 2023 मध्ये दाखवले.

सिटिंगच्या संख्येबद्दल तर गेल्या वीस वर्षांत जुन्या समजुतीच उलटल्या आहेत. मोठ्या हप्त्याला, म्हणजे एका सिटिंगमध्ये दिलेल्या मोठ्या मात्रेला, प्रत्येक उतीची प्रतिक्रिया वेगळी असते. बहुतेक वेगाने वाढणाऱ्या गाठींना हप्ता लहान की मोठा याने फार फरक पडत नाही. मज्जातंतू, मलाशय यांसारख्या अवयवांना मोठा हप्ता झेपत नाही, म्हणून रोज दोन ग्रे अशी रीत पडली. प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र उफराटा निघाला. मोठ्या हप्त्याला तो मलाशयाहूनही अधिक संवेदनशील आहे. नेहमीच्या सूत्राने मांडले तर 20 सिटिंगमध्ये दिलेले 60 ग्रे हे प्रोस्टेटच्या गाठीला दोन-दोन ग्रेच्या 77 ग्रेइतके लागतात, पण मलाशयाला 72 ग्रेइतकेच. जुन्या रीतीत दोघांनाही 74 मिळत होते. म्हणजे गाठीवर जास्त, मलाशयावर कमी आणि वेळ साडेसात आठवड्यांऐवजी चार. मुख्यतः ब्रिटनमधल्या 3,216 पुरुषांवरच्या चिप चाचणीत हे गणित प्रत्यक्षात उतरले: पाच वर्षे रोग उलटला नाही अशांचे प्रमाण 37 सिटिंगच्या गटात 88.3 टक्के होते, 20 सिटिंगच्या गटात 90.6. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर 25 वरून 15 आणि तिथून पाच सिटिंगपर्यंत मजल गेली. फास्ट-फॉरवर्ड चाचणीत चार हजारांहून अधिक रुग्णांमध्ये तीन आठवड्यांच्या 40 ग्रेची तुलना एका आठवड्याच्या 26 आणि 27 ग्रेशी केली. पाच वर्षांनी त्याच स्तनात रोग उलटल्याचे प्रमाण अनुक्रमे 2.1, 1.4 आणि 1.7 टक्के. स्तनाच्या उतींवरचे दुष्परिणाम 26 ग्रेला 40 ग्रेइतकेच. 27 ग्रेला मात्र ते वाढले. पाच दिवसांत एका ग्रेचा फरक आणि परिणाम मोजता येण्याइतका. यंत्राच्या जातीवर लाखो रुपये खर्चूनही अनेकदा असा फरक दिसत नाही, तो इथे प्रिस्क्रिप्शनच्या एका आकड्याने दिसला.

यावर एक आक्षेप ताबडतोब येतो आणि तो गंभीर आहे. कमी सिटिंग म्हणजे गरिबांसाठी काटकसरीचा उपचार नव्हे का? ब्रिटनमध्येच पूर्वी स्तनाच्या रुग्णांना मोठे हप्ते दिल्याने कित्येक जणींच्या हाताच्या मज्जातंतूंना कायमची इजा झाली होती, हे विसरायचे का? विसरायचे नाही. ती इजा झाली कारण हप्ता वाढवताना एकूण मात्रा पुरेशी उतरवली नव्हती आणि दोन क्षेत्रे एकमेकांवर चढत होती. 26 आणि 27 ग्रेमधला फरक हेच सांगतो, की मोठ्या हप्त्याच्या उपचारात चुकीला मुभा कमी असते. तिथे चांगले नियोजन, रोजची प्रतिमा आणि काटेकोर मोजमाप हवेच. म्हणजे चांगला लिनॅक हवाच. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी हेही पाहावे, की ही वेळापत्रके गरीब देशांवर लादलेली नाहीत. ती ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने आधी आपल्या रुग्णांसाठी स्वीकारली. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरनेही एका आठवड्याच्या वेळापत्रकाची चाचणी आपल्या रुग्णांवर घेतली आहे. दुसरा आक्षेप असतो तो असा: कोबाल्ट आणि लिनॅकची जैविक बरोबरी सांगून तुम्ही ग्रामीण रुग्णाला जुन्या यंत्रावर ठेवू पाहता. तसे नाही. पार्सरचे आकडे वर दिलेच आहेत; गर्भाशय काढलेल्या स्त्रीला आयएमआरटी मिळणे हा तिचा हक्क मानला पाहिजे. पण कमरेच्या हाडातल्या वेदना शमवायच्या असतील, तर भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेल्या भाभाट्रॉनवर आज मिळणारे एक सिटिंग हे दीड महिन्यानंतरच्या लिनॅकहून चांगले. कोणत्या रुग्णाला कोणते तंत्र, हे पुराव्याने ठरवावे एवढेच म्हणणे आहे.

नव्या तंत्राच्या ओढीने जुने, सिद्ध तंत्र मागे पडले की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेनेच घालून दिले आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरच्या रेडिएशननंतर ब्रॅकीथेरपी करतात. म्हणजे स्रोत थेट गर्भाशयमुखात नेऊन ठेवतात. अंतर दुप्पट झाले की मात्रा चौपटीने घटते, त्यामुळे गाठीच्या गाभ्याला बाहेरच्या कोणत्याही झोताने देता येणार नाही एवढी प्रचंड मात्रा मिळते आणि मूत्राशय-मलाशय थोड्याच अंतरावर असूनही तगतात. हे तंत्र शंभर वर्षांचे आहे, कष्टाचे आहे, त्याला भूल आणि हातखंडा लागतो, त्यातून पैसा फारसा मिळत नाही. सात हजारांवर अमेरिकी स्त्रियांच्या नोंदी 2013 मध्ये तपासल्या गेल्या तेव्हा दिसले, की ब्रॅकीथेरपीचा वापर 1988 मधल्या 83 टक्क्यांवरून 2009 मध्ये 58 टक्क्यांवर आला होता. या काळाचा उत्तरार्ध आयएमआरटीच्या भरभराटीचा. ब्रॅकीथेरपी मिळालेल्यांत चार वर्षांनी 58 टक्के जिवंत होत्या, न मिळालेल्यांत 46. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही, त्यामुळे सगळा फरक ब्रॅकीथेरपीच्या खात्यावर टाकता येणार नाही. अधिक आजारी स्त्रिया दुसऱ्या गटात जास्त असू शकतात. पण दिशा स्पष्ट आहे. भारतात 2022 मध्ये या कॅन्सरच्या सुमारे सव्वा लाख नव्या रुग्ण होत्या. त्यांच्यातली किती जणींना पुरी ब्रॅकीथेरपी आठ आठवड्यांच्या आत मिळाली, हा प्रश्न आपल्याकडे यंत्रखरेदीच्या कोणत्याही बातमीत विचारला जात नाही.

याचा महाराष्ट्रापुरता अर्थ काय? कॅन्सरच्या निम्म्या रुग्णांना केव्हा ना केव्हा रेडिएशन लागते आणि देशात दहा लाख लोकांमागे एक या निकषाच्या जेमतेम निम्मी यंत्रे आहेत; तीही महानगरांकडे झुकलेली. अशा स्थितीत 25 सिटिंगऐवजी 15 हे वेळापत्रक म्हणजे त्याच यंत्रावर पाच रुग्णांऐवजी आठ रुग्ण. गडचिरोली किंवा नंदुरबारहून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेची वाट पाहणाऱ्या कुटुंबासाठी पाच आठवड्यांचे तीन आठवडे होणे म्हणजे उपचार पुरा होणे आणि अर्धवट सुटणे यांतला फरक असू शकतो. अर्धवट सुटलेला उपचार कोणत्याही किरणाचा असो, निष्फळच. खारघरचे प्रोटॉन केंद्र हवे होते आणि ते मुलांसाठी, कॉर्डोमासाठी, पुन्हा रेडिएशन देण्याच्या अवघड प्रसंगांसाठी राखून ठेवावे. त्याच्या जोडीला तिथे आपल्या रुग्णांवर तुलनात्मक चाचण्या व्हाव्यात, कारण तंबाखूने झालेल्या तोंडाच्या कॅन्सरचे उत्तर अमेरिकेहून आयात होणार नाही. पण दुसरे प्रोटॉन केंद्र मागण्याआधी जिल्हा पातळीवर लिनॅक, ब्रॅकीथेरपी, ती चालवणारे भौतिकतज्ज्ञ आणि बंद पडल्यास दोन दिवसांत दुरुस्तीचा करार, हे आधी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने पैसे पुऱ्या उपचाराचे द्यावेत, सिटिंगच्या संख्येवर नव्हे, आणि त्यात रुग्णासोबत राहणाऱ्याच्या मुक्कामाचा खर्च धरावा.

रुग्णालयांकडून एक साधी माहितीही मागितली पाहिजे. तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे गेल्या वर्षीचे किती रुग्ण ठरल्या मुदतीत उपचार संपवून गेले, किती मधेच सुटले, यंत्र किती दिवस बंद होते आणि किती जणींना ब्रॅकीथेरपी मिळाली. ही नोंद प्रत्येक विभागात असतेच. ती बाहेर येत नाही. राज्याच्या आरोग्य विभागाने ती दरवर्षी केंद्रनिहाय जाहीर करावी आणि नव्या यंत्राची प्रत्येक मागणी या आकड्यांसह मंजुरीला ठेवावी.